लिंबूटिंबूने दिलेली मात

हरणे कोणालाच आवडत नाही; परंतु बुद्धिबळातील हरण्याला एक वेगळीच बोच असते. क्रिकेटमध्ये खेळपट्टीला दोष देता येतो, पंचांच्या माथी खापर फोडता येते. पत्त्यांत पाने वाईट पडली असे म्हणून मनाची समजूत घालता येते. बुद्धिबळाच्या पटावर यांपैकी एकही पळवाट नाही. दोघांची सोळा-सोळा मोहरी सारखीच, पट उघडा, दडविलेले काहीच नाही. हरलेला माणूस जिकडे पाहील तिकडे त्याला स्वतःच्याच चुका दिसतात.

त्यातही आपल्याहून वरचढ गड्याकडून हरलो तर त्याचे फारसे वाटत नाही. पण ज्याला आपण लिंबूटिंबू समजत होतो, ज्याच्याशी खेळायला बसलो हाच त्याच्यावर उपकार असे मनात धरले होते, त्याने मात दिली तर मात्र जेवण गोड लागत नाही. हे दुःख केवळ तुमचे-माझे नाही. जगज्जेत्यांनाही ते चुकलेले नाही. असे का घडते? पक्का खेळाडू कच्च्या समजल्या गेलेल्या खेळाडूकडून का हरतो? हा निव्वळ योगायोग असतो, की त्यामागे काही कारणमीमांसा आहे? या लेखात तेवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रारंभी स्वतःचीच हकीकत सांगतो, कारण या प्रश्नाने मला प्रथम गाठले ते माझ्या चौदाव्या वर्षी, महूला.

माझे वडील लष्करी कचेरीत कारकून होते आणि माझ्या बालपणाची काही वर्षे महूच्या छावणीत गेली. महू म्हणजे इंदूरजवळचे, माळव्याच्या पठाराच्या कडेला वसलेले लष्करी ठाणे. तेथे पायदळाच्या प्रशिक्षणाची संस्था आहे आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून जवान व अधिकारी अभ्यासक्रमासाठी येत असतात. त्यामुळे आमच्या चाळीत मराठी, हिंदी, पंजाबी, तमिळ अशा सर्व भाषा कानांवर पडत. पावसाळा लागला की मैदाने चिखलाने भरत आणि मुलांचा सारा खेळ व्हरांड्यात येई. तेथे बुद्धिबळाचा पट मांडलेला असे. शाळेच्या स्पर्धेत मी दोन वर्षे ओळीने पहिला आलो होतो, आणि त्या व्हरांड्यात माझ्याएवढा खेळाडू दुसरा नाही याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

एका पावसाळ्यात बेळगावकडचे एक कुटुंब थोड्या महिन्यांसाठी तेथे राहावयास आले. त्यांचा मुलगा नऊ-दहा वर्षांचा. घरी कानडी बोलणारा, आमच्याशी बोलताना मराठी जुळवून घेणारा. तो देशी पद्धतीने खेळणे शिकला होता; म्हणजे पहिल्या चालीत प्यादे दोन घरे सरकते हेदेखील त्याला मी सांगितले. अशा मुलाशी मी एका दुपारी खेळावयास बसलो. दोन तास झाले तरी डाव हलेना. माझे एक प्यादे जास्त होते, पण त्याची मोहरी अशी दाटीने उभी होती की आत शिरावयास वाट नव्हती. तेवढ्यात तो म्हणाला, "अण्णा, बरोबरी करूया की."

डाव खरोखरीच बरोबरीचा होता. पण भोवती दहा-बारा मुले उभी होती. या पोराशी बरोबरी? मी नाही म्हटले आणि वाट मोकळी करण्यासाठी राजापुढचे प्यादे रेटले. पुढच्या आठ-दहा चालींत त्याचा हत्ती त्याच मोकळ्या पट्टीतून खाली उतरला आणि मला मात झाली. मी हाताने पट उधळून दिला, "तुझ्या रडक्या पद्धतीने कोण खेळणार!" असे काहीसे बोललो आणि निघून गेलो. जिन्यावरून वळून पाहिले तेव्हा तो खाली बसून फरशीवर विखुरलेली मोहरी एकेक करून गोळा करीत होता.

हा प्रसंग मी पुष्कळ वर्षे विसरलो होतो. पुढे बुद्धिबळाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की, त्या व्हरांड्यात जे घडले तेच थोरामोठ्यांच्या बाबतीतही घडलेले आहे.

क्यूबा देशाचा होझे राउल कापाब्लांका हा 1921 ते 1927 या काळात जगज्जेता होता. 1916 पासून 1924 पर्यंत आठ वर्षे तो एकही डाव हरला नव्हता. त्याच्या खेळाला लोक यंत्राची उपमा देत. अशा कापाब्लांकाची गाठ इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे 1930 च्या अखेरीस सुरू झालेल्या स्पर्धेत मीर सुलतान खान या पंजाबी खेळाडूशी पडली. सुलतान खान लहानपणी वडिलांकडून भारतीय पद्धतीचे बुद्धिबळ शिकलेला. सर उमर हयात खान यांच्याबरोबर 1929 मध्ये तो इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद मिळवून त्याने सर्वांना चकित केले. तरीही युरोपातील जाणत्यांच्या लेखी तो एक नवलाचा प्राणी होता. ज्याने प्रारंभीच्या चालींचे ग्रंथ अभ्यासलेले नाहीत, ज्याचे लहानपण वेगळ्याच नियमांत गेले, त्याला खरा पंडित कोण म्हणणार?

त्या डावात पांढरी मोहरी सुलतान खानकडे होती. पाचव्या चालीला त्याने वजिराच्या बाजूचे अगदी कडेचे प्यादे फक्त एक घर पुढे सरकविले. पाहणाऱ्याला ती चाल वेळ घालविण्यासारखी वाटावी. पण त्या चालीने काळ्या उंटाचे एक महत्त्वाचे घर बंद झाले. पुढे हीच मांडणी जगज्जेता पेट्रोस्यान याच्या नावाने प्रसिद्धीस आली आणि आजही थोर खेळाडू ती खेळतात! देशी बुद्धिबळात प्यादे एकेक घरच चालते. त्यामुळे डाव सावकाश उलगडतो आणि दूरवरची तजवीज करण्याची सवय लागते. सुलतान खानच्या खेळातील शांतपणा त्याच शाळेतून आला असावा असे वाटते.

एकविसाव्या चालीपासून कापाब्लांकाने आपले दोन्ही हत्ती पुढे घुसवून, त्यांच्या मोबदल्यात पांढऱ्याचा वजीर मारला. हिशेबाने हा सौदा फारसा वाईट नव्हे. आपण वजिराचे मोल नऊ आणि हत्तीचे पाच धरतो. म्हणजे दहाच्या बदल्यात नऊ. शिवाय एकटा वजीर चपळ असतो, तो शह देत देत शत्रूला हैराण करतो. परंतु या डावात प्याद्यांची भिंत उभी होती आणि पांढरा राजा तिच्याआड सुखरूप होता. वजिराला टोचावयास जागाच उरली नाही. याउलट सुलतान खानचे दोन हत्ती एकमेकांना आधार देत हळूहळू आत शिरले. पासष्टाव्या चालीला कापाब्लांकाने हार मान्य केली. त्या स्पर्धेत पहिला क्रमांक हॉलंडच्या माक्स युवे याला मिळाला, कापाब्लांका दुसरा व सुलतान खान तिसरा आला. सुलतान खानने पुढे 1932 व 1933 मध्येही ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले, आणि मग तो मायदेशी परतला. 1966 मध्ये त्याचे निधन झाले. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती 2024 मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी!

कापाब्लांकाला हा अनुभव नवा नव्हता. 1927 साली ब्वेनोस आयरेस येथे अलेक्झांडर अलेखाइन त्याच्याशी जगज्जेतेपदासाठी खेळावयास बसला, तेव्हा अलेखाइनने त्याच्याविरुद्ध तोवर एकही डाव जिंकलेला नव्हता. सामना कापाब्लांकाच्या खिशात आहे असेच बहुतेकांचे मत होते. चौतीस डाव झाले. सहा अलेखाइनने जिंकले, तीन कापाब्लांकाने, बाकीचे बरोबरीत सुटले. जगज्जेतेपद गेले ते कायमचे. पुढे 1935 मध्ये याच अलेखाइनसमोर माक्स युवे बसला. युवे हा ॲम्स्टरडॅममध्ये मुलींच्या शाळेत गणित शिकविणारा शिक्षक. बुद्धिबळ हा त्याचा पोटाचा धंदा नव्हता. अलेखाइनपुढे त्याचा टिकाव लागेल असे फार थोड्यांना वाटत होते. तीस डावांच्या त्या सामन्यात युवे साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा गुणांनी जिंकला. म्हणजे पाहा, कापाब्लांकाला अलेखाइनने धडा शिकविला आणि अलेखाइनला युवेने. आणि प्रत्येक वेळी जिंकणारा हा आधी दुबळा समजला गेलेला होता. युवेचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे महाराष्ट्राच्या संदर्भात ते पुन्हा येणार आहे.

आता कारणांकडे वळू. पहिले कारण गणिती आहे.

आज खेळाडूचे बळ मोजण्यासाठी जगभर जी पद्धत वापरतात ती अर्पाद एलो या अमेरिकेतील पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने बसविली. जन्माने तो हंगेरियन. जागतिक संघटनेने 1970 मध्ये ती स्वीकारली. प्रत्येक खेळाडूला त्याच्या निकालांवरून एक आकडा मिळतो, त्याला एलो मानांकन म्हणतात. दोघांच्या मानांकनांत किती अंतर आहे यावरून कोणाला किती यश मिळावे याचा अंदाज करता येतो. विजयाला एक गुण आणि बरोबरीला अर्धा धरला, तर दोनशेचे अंतर असताना वरच्या खेळाडूला शंभर डावांत सुमारे 76 गुण मिळावेत. चारशेचे अंतर असेल तर सुमारे 91.

या आकड्यांकडे आपण सहसा वरच्या बाजूने पाहतो. जरा खालच्या बाजूने पाहू. चारशेचे अंतर म्हणजे जमीन-अस्मानाचा फरक. तरीदेखील शंभरांतील नऊ गुण दुबळ्याच्या पदरात पडतात. तेव्हा पक्का खेळाडू केव्हातरी हरतो हा नियमाचा भंग नसून तो नियमातच बसलेला आहे. प्रश्न फक्त आजचा डाव त्या नवांत येतो की काय एवढाच. 1962 साली स्टॉकहोम येथे जगज्जेतेपदाच्या पात्रतेसाठी मोठी स्पर्धा झाली. तेवीस खेळाडूंत आपला मॅन्युएल आरोन बावीस डावांत चार गुण मिळवून अगदी तळाला राहिला. परंतु त्या चार गुणांत हंगेरीच्या लायोश पोर्टिशवर आणि जर्मनीच्या वोल्फगांग उलमानवर मिळविलेले विजय होते! दोघेही जगातील निवडक खेळाडूंत मोडणारे.

या पद्धतीत आणखी एक गंमत आहे. समजा, चारशेने वर असलेला मोठा खेळाडू जिंकला, तर त्याच्या मानांकनात जेमतेम एका गुणाची भर पडते. हरला तर मात्र नऊ गुण जातात. व्यवहाराचे हे अचूक चित्र आहे. लिंबूटिंबूला हरविले तर कोणी पाठ थोपटत नाही. त्याच्याकडून हरलो तर गावभर होते. लाभ एक आण्याचा आणि जोखीम नऊ आण्यांची, असा हा सौदा असतो. समोरच्याचे नेमके उलट. त्याला गमावण्यासारखे फारसे काही नसते, म्हणून त्याचे डोके शांत राहते.

येथूनच दुसरे कारण सुरू होते, ते मनाचे. ज्याला हरणे परवडत नाही, त्याला बरोबरीही परवडत नाही. पटावरची स्थिती समसमान असेल तर उत्तम चाल तोल राखणारीच असते. परंतु नावाच्या ओझ्याखाली बसलेला खेळाडू पटाला विचारीत नाही, आपल्या लौकिकाला विचारतो. मग तो मुद्दाम गुंतागुंत करतो, एखादे प्यादे रेटतो, राजाभोवतीचा तट आपल्याच हाताने पाडतो. माझ्या त्या महूच्या डावात झाले ते हेच. त्या मुलाने मला हरविले असे मी म्हणत असे. खरे पाहता त्याने बरोबरी देऊ केली होती, आणि हार मी स्वतः मागून घेतली.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मानांकन, पदवी, वय, नावलौकिक या सर्व गोष्टी कालच्या खेळावरून ठरतात. डाव मात्र आजचा असतो. वाढत्या वयाचा खेळाडू सहा महिन्यांत कोठल्या कोठे जातो. त्याच्या नावापुढचा आकडा मागून धापा टाकीत येत असतो. आणि ज्याला स्पर्धेत उतरण्याची संधीच मिळालेली नाही, त्याच्या नावापुढे आकडा तरी कोठून येणार? अशा खेळाडूला आपण 'दुबळा' म्हणतो तेव्हा खरा अर्थ 'आपण त्याला अजून पाहिलेले नाही' एवढाच असतो.

याचे बोलके उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही कन्या बुद्धिबळात निष्णात. महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा 1974 मध्ये बंगलोर येथे प्रथम झाली, ती वासंतीने जिंकली. पुढची बरीच वर्षे हे पद बव्हंशी या बहिणींकडेच राहिले. धाकटी रोहिणी 1976 मध्ये, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी महिलांची राष्ट्रीय विजेती झाली.

त्याच वर्षी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि एकच गहजब झाला. मुलीने पुरुषांत खेळावे की नाही यावर वाद माजला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक संघटनेपर्यंतही गोष्ट पोहोचली. संघटनेचे अध्यक्ष तेव्हा कोण होते? तेच ते माक्स युवे! राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. ज्याला एके काळी जगाने दुबळा ठरविले होते आणि ज्याने पटावर बसून ते खोटे पाडले होते, त्यानेच एका तेरा वर्षांच्या मराठी मुलीला पटावर बसण्याचा हक्क आहे असे सांगावे, हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

रोहिणी खेळली. गुजरातचे गौरांग मेहता, महाराष्ट्राचे अब्दुल जब्बार आणि पश्चिम बंगालचे ए. के. घोष या तीन राज्यविजेत्यांना तिने पराभूत केले. या तिघांच्या खेळाला कमी लेखण्याचे कारण नाही. आपापल्या राज्यात ते अव्वल होते म्हणून तर तेथवर आले. पण विचार करा, समोर परकर-पोलक्याच्या वयाची मुलगी बसली आहे आणि साऱ्या देशात तिच्या खेळण्याचीच चर्चा चालू आहे, अशा वेळी राज्यविजेत्याच्या मनावर केवढे दडपण येत असेल! जिंकले तर 'त्यात काय मोठे?' आणि हरले तर तोंड दाखविण्याची सोय नाही. नऊ आण्यांच्या जोखमीचा तो सौदा येथे शंभर आण्यांचा झाला होता. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की, तिचा खेळ खरोखरच त्या तोडीचा होता. 1980 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि 1981 मध्ये हैदराबाद येथे ती आशियाई महिला विजेती झाली. तात्पर्य, 1976 मध्ये जिला दुबळी समजले गेले ती दुबळी नव्हतीच. तिला मोजण्याचे माप तेवढे जुने होते.

काळ बदलला तरी हा नियम बदललेला नाही. 1 जून 2025 रोजी नॉर्वेतील स्टॅव्हेंगर येथे मॅग्नस कार्लसन आणि आपला डी. गुकेश यांचा डाव झाला. गुकेश तेव्हा जगज्जेता होता, तरीही मानांकनात कार्लसन जगात पहिला. शिवाय त्याच स्पर्धेच्या पहिल्या फेरीत त्याने गुकेशला हरविले होते. याही डावात बराच काळ कार्लसनचीच बाजू वरचढ होती. एकोणीस वर्षांचा गुकेश चिकाटीने बचाव करीत राहिला. अखेर दोघांच्याही घड्याळांत फारच थोडा वेळ उरला असताना कार्लसनने घोड्याची एक चुकीची चाल केली आणि जिंकत आलेला डाव हरला. त्याने मेजावर इतक्या जोराने मूठ आपटली की पटावरची मोहरी उडाली. हे दृश्य जगभर लाखो लोकांनी पाहिले. यानंतर जे झाले तेही पाहण्यासारखे आहे. क्षणभरातच कार्लसनने गुकेशशी हस्तांदोलन केले, झाल्या प्रकाराबद्दल त्याची माफी मागितली आणि जाता जाता त्याची पाठ थोपटली. पुढे उरलेल्या फेऱ्या नीट खेळून स्पर्धाही त्यानेच जिंकली.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली. नागपूरची दिव्या देशमुख तेथे पंधराव्या मानांकनाने उतरली होती. तिला अंतिम फेरीत कोणी धरले नव्हते. वाटेत दुसरे मानांकन असलेली चीनची जू जिनेर, मग द्रोणवल्ली हरिका आणि त्यानंतर माजी जगज्जेती तान झोंगयी यांना तिने मागे टाकले. अंतिम फेरीत समोर आली कोनेरू हंपी. दिव्याच्या जन्माआधीच, 2002 साली, हंपी ग्रँडमास्टर झालेली! दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले आणि निर्णय जलद डावांवर आला. हंपीने डिसेंबर 2024 मध्येच जागतिक जलद स्पर्धा जिंकली होती, त्यामुळे येथे तरी अनुभवाचे पारडे जड ठरावे. पण पहिला जलद डाव बरोबरीत गेला आणि दुसऱ्यात, वेळेच्या टंचाईत, हंपीच्या हातून चूक झाली. 28 जुलै रोजी एकोणीस वर्षांची दिव्या विश्वचषकाची मानकरी झाली आणि त्या विजयाबरोबरच तिला ग्रँडमास्टर ही पदवीही मिळाली. तीन आठवड्यांपूर्वी जी पंधराव्या क्रमांकाची होती, तिच्याबद्दल आता तो आकडा काय सांगणार?

असो. उदाहरणे पुष्कळ देता येतील. विद्यार्थी मित्रांनी यांतून काय घ्यावे?

पहिली गोष्ट अशी की, समोर कोण बसले आहे हे पाहून चाल ठरवू नये, पटावर काय आहे हे पाहून ठरवावी. स्थिती बरोबरीची असेल तर बरोबरी घेण्यात कमीपणा नाही. दुसरी गोष्ट, हातचा डाव जिंकत आला म्हणजे निम्मे काम बाकी आहे असे समजावे. घड्याळ अखेरपर्यंत दोघांचेही चालू असते. तिसरी गोष्ट त्यांच्यासाठी, जे स्वतःला कच्चे समजतात. तुमच्यापुढे लावलेला आकडा कालचा आहे. शंभरांतील नऊ गुण तर गणितानेच तुमच्या नावे लिहून ठेवले आहेत. ते घ्यावयास पटापर्यंत जावे मात्र लागते. आणि चौथी गोष्ट आपणा सर्वांसाठी. कोणाला पटावर बसूच न देता दुबळे ठरवू नये. आपल्या वर्गात, घरात, गावात असे किती जण असतील की ज्यांना आपण खेळण्यापूर्वीच लिंबूटिंबू म्हणून बाजूला बसविले आहे!

महूचा तो पावसाळा संपण्यापूर्वीच त्या मुलाच्या वडिलांचा अभ्यासक्रम पुरा झाला आणि ते कुटुंब परत गेले. 'छान खेळलास' हे दोन शब्द त्याला म्हणावयाचे राहून गेले. पुढे नोकरीच्या निमित्ताने मी या सीमाभागात आलो आणि येथलाच झालो. कार्लसनने ज्या गोष्टीला क्षणभर लावला, ती मला एवढ्या वर्षांत करता आली नाही, कारण तो मुलगा आता कोठे आहे हे मला ठाऊक नाही. म्हणून स्नेहसंमेलनाच्या बुद्धिबळ स्पर्धेची व्यवस्था माझ्याकडे आली की मी एक नियम न चुकता घालतो. डाव संपला की हरलेल्याने समोरच्याचा हात हाती घ्यावा, आणि मग दोघांनी मिळून मोहरी पुन्हा पटावर मांडून ठेवावीत. एकट्याला ती फरशीवरून वेचावी लागू नयेत.